एकही रकाना रिकामा नको

मंगळवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा! गाडी वेळेवर, बॅग शाबूत, कंबर थोडी कुरकुरते आहे. पण ती घरीही कुरकुरतेच, तिला प्रवासाचं निमित्त लागत नाही. हॉटेल बसस्टँडपासून चालत सात मिनिटांवर आहे. पिवळी तीन मजली इमारत, पुढे चार पायऱ्या, मग काचेचं दार. दारापाशी गणवेशातला दरवान, त्याच्या कोटाचं मधलं बटण तुटलेलं. सांगणार होतो, पण जीभ आवरली. या खेपेला कुणाला काही म्हणून सांगायचं नाही, असं ठरवून आलो आहे.

काउंटरवर एक बाई बसतात. बोलणं अगदी साखरेत घोळलेलं, नजर मात्र माझ्या खांद्यामागच्या भिंतीवर. वहीत सही करायचं पेन उजव्या हाताला वीतभर साखळीने बांधलेलं आणि मी पडलो डावखुरा. अर्धा काउंटरवर चढून सही केली. ओळखपत्र त्यांनी ठेवून घेतलं; निघताना परत देतात म्हणे, इथली तशी पद्धत आहे. भिंतीवर सोनेरी अक्षरांत पाटी आहे: ‘पाहुण्यांचं समाधान झाल्याशिवाय आम्ही त्यांना जाऊ देत नाही.’ वाक्य झकास आहे. आमच्या कंपनीला असं कधी सुचलं नाही.

आमची कंपनी पंख्यांची. तिच्या तक्रार विभागात मी एकतीस वर्षं काढली. ‘आपल्या पत्राची योग्य ती नोंद घेतली आहे’ हे वाक्य किती वेळा लिहिलं असेल, देव जाणे. लोकांच्या तोंडाला पानं पुसायची हीच माझी नोकरी. निवृत्त झालो आणि सगळ्या जगाच्या तक्रारी मीच लिहू लागलो. बायको होती तोवर पत्रं पोस्टात टाकायच्या आधी ती हळूच फाडून टाकायची. ती गेली आणि पत्रं पोचायला लागली.

त्यातलं एक पत्र फार महागात पडलं. जावयाला रविवारीही कामाला बोलावतात, म्हणून मी त्याच्या साहेबाला तीन पानी तक्रार लिहून पाठवली. भल्यासाठीच लिहिली होती. त्याची बढती हुकली आणि लेकीने माझ्याशी बोलणं टाकलं. चार वर्षं झाली. आता तिचं पत्र आलं: रविवारी अकराला घरी जेवायला या. फोनवर आपण भांडतो म्हणून पत्र लिहितेय. मी दिलेलं पेन अजून वापरता का? माझी डबी अजून असेल तर घेऊन या. आणि बाबा, इथे येऊन कुणाची तक्रार करू नका.

डबी आणली आहे. पत्र्याची, झाकणावर बोट घासून घासून रंग गेलेला. आत तीन बटणं, एक फुटकी गोटी, बसचं तिकीट आणि तिचा पहिला पडलेला दात. सापडेल ते खिशात साठवायची म्हणून तिला आम्ही ‘खारू’ म्हणायचो. लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणायची. मास्तर ओरडायचे, तरी सवय गेली नाही. सात वर्षांची असताना वाचनालयाचा फॉर्म मीच तिच्याकडून भरून घेतला होता आणि बजावलं होतं, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, रिकाम्या रकान्यात चोर शिरतो. तिने तो खरोखरच एकही रकाना न सोडता भरला.

पाच दिवस आधी आलो ते मन तयार करायला. दाढी करीन, नवा सदरा घेईन, लांबून तिचं घर बघून येईन. पत्ता पाठ आहे, इथे उतरवायची गरज नाही. खोली नंबर बारा, पहिल्या मजल्यावर, बरोबर काउंटरच्या डोक्यावर. हात धुण्याच्या बेसिनपाशी भिंतीत एक छोटी जाळी आहे, तिच्यातून काउंटरवरचा शब्दन् शब्द ऐकू येतो. एवढं सोडलं तर खोली छान आहे.

बुधवार, ५ तारीख

कसला निश्चय नि कसलं काय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

नळाला पाणी येतं ते तांबूस. टॉवेल मागितला तर उशीचा अभ्रा आला. अभ्रा परत केला तर दोन अभ्रे आले. आणि त्या जाळीतून सकाळी सहापासून काउंटरची बडबड! शेवटी खाली गेलो आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं. मॅनेजर बाहेर आले. उंच, बारीक, दोन्ही हात छातीशी जुळवलेले. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, क्षमस्व. मी टॉवेलचं सांगितलं, क्षमस्व. जाळीचं सांगितलं, क्षमस्व. मी मनातल्या मनात त्यांचं नावच ‘क्षमस्व’ ठेवून टाकलं. माणूस कसलेला आहे. मी अशी दहा माणसं तयार केली आहेत, मला कळतं.

इथवर गंमत होती. नाश्ता करून वर आलो तर माझं पेन नाही. टेबलावर या वहीशेजारीच ठेवलं होतं. वही आहे, पेन नाही. हे आता हॉटेलच्या पेन्सिलीने लिहितो आहे. ते पेन खारूने पहिल्या नोकरीत मला दिलेलं. त्यावर बारीक अक्षरं कोरून घेतली होती: ‘बाबा, थोडं कमी लिहा.’ चार वर्षं बोलणं नव्हतं तेव्हा तिच्या हातचं तेवढंच माझ्या खिशात होतं. उशी, गादी, बॅग सगळं उलटंपालटं केलं. खोटं कशाला बोलू, रडूही आलं.

खाली गेलो. बाईंनी भिंतीकडे बघत गुलाबी फॉर्म पुढे केला. आता खरं लिहितो, फॉर्म पाहिला आणि मनात दाद दिली. चौदा रकाने. वस्तूचं वर्णन, ‘इतकं नेमकं की आम्हाला ती ओळखता यावी’. शेवटची पाहिली तेव्हा आपण कुठे होता, काय घातलं होतं. ही वस्तू आपल्याला का महत्त्वाची आहे, सविस्तर. बारावा रकाना: ती आपलीच असल्याचा पुरावा काय. असा फॉर्म मी एकतीस वर्षांत बनवू शकलो नाही. तासभर बसून भरला. काय घातलं होतं त्यात तपकिरी, नाडीचे बूट लिहिले. बाराव्या रकान्यात लेकीचं पत्र लिहिलं, त्यात पेनचा उल्लेख आहे, पत्र बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहे. खाली सही. क्षमस्व यांनी फॉर्म दोन्ही हातांनी घेतला, एखाद्याच्या घरचं बाळ घ्यावं तसा. म्हणाले, इतका सुंदर भरलेला फॉर्म फार दिवसांनी पाहिला. मला बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

गुरुवार, ६ तारीख

जाळी दुरुस्त करायला एक माणूस येऊन गेला. आत पत्र्याची झडप बसवली. तो गेला तरी काउंटरची बडबड जशीच्या तशी ऐकू येते. पळत जाऊन त्याला जिन्यात गाठलं. तो म्हणाला, त्याला सांगितलं होतं ते असं की बारा नंबरचा आवाज खाली येता कामा नये. आता येणार नाही. तुम्ही कितीही ओरडा, म्हणाला. मी कपाळाला हात लावला आणि हसलो. तक्रारीचं असं उलटं निवारण आमच्याकडेही व्हायचं.

हसू तेवढंच. आंघोळ करून आलो तर बॅगेच्या आतल्या कप्प्यातलं पत्र नाही. पाकीट आहे, कोरं. बूटही नाहीत. पलंगाखाली हॉटेलच्या सपाता ठेवलेल्या, पांढऱ्या, वर हॉटेलचं नाव आणि पत्ता छापलेला.

पुन्हा दोन फॉर्म. पत्राच्या फॉर्मवर आठवेल तितका मजकूर लिहिला, पत्त्यासकट, म्हणजे सापडलं तर ओळखता येईल. पुरावा म्हणून लिहिलं की पत्राचा फोटो माझ्या फोनमध्ये आहे. फोन कसा ओळखाल तेही विचारलंय: पडद्यावर लेकीचा फोटो, गालावर खळी, पहिला नंबर ‘खारू’ नावाने.

जेवणघरात एका आजोबांशी ओळख झाली. पायांत नुसते मोजे. चौकशी केली तेव्हा म्हणाले, छत्री हरवली आहे, ती सापडेपर्यंत थांबलोय. कधीपासून, विचारलं तर त्यांनी बोटं मोजायला घेतली आणि मध्येच सोडून दिली. गाव कुठलं, विचारलं. ते फॉर्मवर लिहिलंय, म्हणाले. खाली विचारा, त्यांना माहीत आहे.

खोली झाडायला येणाऱ्या मावशी दुपारी माझ्याकडची फॉर्मची प्रत बराच वेळ बघत उभ्या होत्या. मग हळूच म्हणाल्या, काका, एवढं नीट कशाला लिहिता? मला राग आला. माझ्या अक्षराला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, असं त्यांना सुनावलं. त्या केर घेऊन गेल्या.

शुक्रवार, ७ तारीख

फोन नाही. उशीखाली ठेवून झोपलो होतो. उठून तोंड धुवायला वळलो, तेवढ्यात.

ठरवलं, रविवारची वाट बघायची नाही, आत्ताच लेकीकडे जायचं. गेला मानपान चुलीत. सपातांवरच निघालो. पायऱ्या उतरलो, कोपऱ्यापर्यंत गेलो आणि उभा राहिलो. उजवीकडे की डावीकडे? पत्ता पाठ होता. घोकून पाठ केला होता, गाडीतसुद्धा म्हणत होतो. आता आठवायला गेलो की पांढऱ्या सपाता दिसतात आणि त्यांवरचा पत्ता.

दोन तास हिंडलो. घड्याळांची दुकानं, शिंप्यांची दुकानं, एक शाळा, फाटकं, आणखी फाटकं. एका किराणा दुकानदाराला थांबवून विचारलं, माझी लेक इथेच कुठेतरी राहते. त्याने आधी माझ्या पायांकडे पाहिलं. मग चेहरा मऊ करून माझा हात धरला आणि दुकान तसंच सोडून मला हॉटेलच्या पायऱ्यांपर्यंत आणून सोडलं. दरवानाला म्हणाला, तुमचा पाहुणा. दरवानाने त्याचे आभार मानले. दोघांची चांगली ओळख दिसली. दुकानदार जाताना मला म्हणाला, काळजी करू नका आजोबा, इथले नेहमीच येतात आमच्याकडे.

फोनचा फॉर्म मी भरला नाही. त्याचं वर्णन गुरुवारी पत्राच्या फॉर्मवर दिलेलंच आहे.

शनिवार, ८ तारीख

सकाळी बॅग घेऊन खाली गेलो. म्हटलं, हिशेब करा, ओळखपत्र द्या, मी निघतो. बाई भिंतीला म्हणाल्या, साहेबांच्या तीन तक्रारी उघड्या आहेत. क्षमस्व आले. उघडी तक्रार असताना पाहुण्याला जाऊ द्यायचं नाही, अशी इथली पद्धत आहे. समाधान झालेलं नाही ना. मी म्हटलं, झालं माझं समाधान. तर मग माघारीचा कागद भरा, म्हणाले. कागद एका ओळीचा आहे: ‘अशी कोणतीही वस्तू माझ्याकडे कधीही नव्हती आणि मला ती कुणीही दिली नव्हती.’

बुटांचं लिहून द्यायला मी तयार होतो. पेनाचं? लेकीने दिलंच नव्हतं, असं मी माझ्या हाताने लिहून देऊ? चोर सोडून संन्याशाला फाशी! मी कागद फेकला. त्यांनी उचलला, सरळ केला, आणि म्हणाले, क्षमस्व.

दाराकडे गेलो तर दरवान आडवा आला. चौकशी अधिकारी केव्हाही येतील, पायऱ्यांच्या खाली जाऊ नका, आपल्याच सोयीसाठी सांगतोय. हात लावला नाही, नुसता उभा राहिला. मी त्याला ओलांडून जाऊ शकलो नाही.

दुपारी प्रती काढून बसलो. एकतीस वर्षं फॉर्म वाचलेत, तरी हे दिसायला तीन दिवस लागले. पेनाच्या फॉर्मवर पत्र लिहिलं, बूट लिहिले. पत्र गेलं, बूट गेले. पत्राच्या फॉर्मवर पत्ता लिहिला, फोन लिहिला. पत्ता गेला, फोन गेला. कुठली वस्तू न्यायची, ती कुठे आहे, मला किती प्रिय आहे, सगळं मीच सुवाच्य अक्षरात लिहून देतो आहे. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

खात्री करायला एक फॉर्म मुद्दाम भरला. साबणाची डबी हरवली म्हणून. ती समोर बेसिनवर होती. जेवून आलो, नव्हती. प्रतीवर ‘हिरवी, झाकणाला चीर’ असं माझ्याच अक्षरात आहे. डोळे मिटले तर रंग येत नाही.

जेवणघरात आजोबा नव्हते. त्यांच्या खुर्चीवर मोजे होते, दोन्ही. घरचं कुणीतरी येऊन घेऊन गेलं असेल.

लेकीची डबी अजून आहे. सदऱ्याच्या आत, पोटाशी बांधली आहे. तिच्याबद्दल कुठल्याही फॉर्मवर एक अक्षर लिहिलेलं नाही, लिहिणार नाही.

रविवार, ९ तारीख

सकाळी दाढी केली. ब्लेड हॉटेलचं.

साडेदहाला खाली गेलो आणि म्हटलं, द्या ते कागद. सगळ्या तक्रारी मागे घेतो. अकरा वाजता माझी लेक जेवायला वाट बघणार आहे, पत्ता तुमच्या फायलीत आहे तेवढा द्या, बाकी सगळं ठेवा. पेन मला कुणी दिलंच नव्हतं, हेही लिहिलं. लिहिताना आत काहीतरी तुटलं, पण लिहिलं. पेनवर चार शब्द तर होते. लेक खरी.

सही जुळेना. वहीतली मंगळवारची सही आणि आजची, दोन्ही बाईंनी शेजारी ठेवल्या. मी पुन्हा केली. पुन्हा केली. हाताला ठाऊकच नाही. आद्याक्षर होतं, मग हात कुठेही जातो. प्रत्येक फॉर्मच्या खाली मी सही केली होती ना.

क्षमस्व.

बाकावर बसलो, काचेच्या दारासमोर. अकरा वाजले. सव्वा. बारा. ताट वाढलं असेल. पुन्हा झाकलं असेल. जावई म्हणाला असेल, मी सांगत नव्हतो? आणि ती म्हणाली असेल, बाबा बदलले नाहीत. मी दाराशी जाऊन ओरडलो. रस्त्यावरच्या एका बाईने माझ्या पायांकडे पाहिलं आणि हात हलवून हसली.

मागची पानं वाचत होतो. जागोजागी ‘खारू’ लिहिलंय. खार, झाडावरची? कोण आहे ही?

लेक. लेकीचंच असणार. गालावर खळी होती असंही लिहिलंय. कुठल्या गालावर?

सोमवार

दाराला आतून मूठ नाही. काल होती. तक्रार करायची नाही.

मावशी जेवण घेऊन आल्या तेव्हा त्यांचा पदर धरला. आजोबांना कोण घेऊन गेलं ते विचारलं. त्यांनी पदर सोडवून घेतला. मग म्हणाल्या, नेलं नाही कुणी. पुतण्या आला होता. म्हणाला, काका हरवलेत. खाली त्यालाही फॉर्म दिला. बिचाऱ्याने फार माया केली होती काकांवर, सगळं लिहिलं. कसे चालायचे, कसे खोकायचे. चौदावा रकाना भरेपर्यंत खुर्चीवर मोजेच राहिले.

मी म्हटलं, मला बाहेर काढा. त्या म्हणाल्या, काका, मी पण घड्याळासाठी थांबलेय. त्यांनी ताट उचललं आणि बाहेरून कडी घातली.

माझी लेक मला शोधत येईल. घरी फोन करील, बसस्टँडवर विचारील, इथवर येईल. ती माझी लेक आहे, सोडायची नाही.

येऊ नकोस. चार वर्षं बोलली नाहीस, आणखी चार वर्षं बोलू नकोस. बाबा शब्दाला जागले नाहीत असंच म्हण. देवा, तिला माझा राग येऊ दे. इतका येऊ दे की

मंगळवार असावा

जाळीतून आवाज.

तिचाच. आवाज मी कुठल्याच फॉर्मवर लिहिला नव्हता. आवाज राहिला आहे. चेहरा नाही, नाव नाही, पण हा आवाज माझ्या लेकीचा आहे. धाप लागली आहे तिला. बाबा इथे उतरलेत का, विचारते आहे. दोन दिवस सगळी हॉटेलं पालथी घातली म्हणते.

क्षमस्व सांगताहेत, बारा नंबरचे साहेब सकाळपासून दिसत नाहीत. आपण फॉर्म भरलात तर लगेच शोध घेऊ.

ओरडलो. जाळीला तोंड लावून ओरडलो. भरू नकोस! बाबा वर आहेत! वर!

झडप. माझीच तक्रार होती.

दारावर धडका मारल्या. खुर्ची मोडली. खाली बाई म्हणताहेत, पाइपचा आवाज आहे.

पेन मागितलं तिने. क्षमस्व यांनी खिशातून दिलं. मग वाचते आहे, रडत रडत, बाबा थोडं कमी लिहा. हे बाबांचं पेन, मीच दिलेलं. क्षमस्व म्हणतात, हो, कालच सापडलं, त्या तक्रारीचं निवारण झालं.

आता तिची खात्री पटली. आता ती सगळं लिहिणार.

मोठ्याने म्हणत लिहिते आहे. सवय गेली नाही. मी शिकवलं होतं, एकही रकाना

सोबतच्या वस्तू. पत्र्याची डबी, माझी, आत बटणं आणि —

पोटाशी हात लावला. दोरी आहे. गाठ आहे. डबी नाही.

डाव्या भुवईवर व्रण, लहानपणी झोपाळ्यावरून पडलेले —

बोट फिरवलं. गुळगुळीत.

थांब ग बाळा. थांब. एक रकाना सोड. एकच —

आवाज घोगरा, रागावले की चढणारा, मला हाक मारताना मात्र —

ओरडतो आहे. तोंड उघडं आहे. काही येत नाही.

किती छान लिहिते आहे. किती आठवतं तिला. मला वाटलं होतं विसरली. माझ्या चहाची सवय, माझी चाल, माझ्या रागाचंसुद्धा तिने किती प्रेमाने — हे मला कुणीच कधी —

चौदावा. अक्षर सुवाच्य, म्हणते, उजवीकडे झुकलेलं, बाबा नेहमी डाव्या हाताने लि